परतवारी



परदेशी जाऊन आलेल्या माणसाला सगळे एकच विचारतात, "तिकडे काय काय पाहिलेत?" गवयाला विचारतात, भजन्याला विचारतात, आम्हा कीर्तनकारांनाही विचारतात. माणसे किती जमली, बिदागी काय मिळाली, विमानात खायला काय देतात, इथपर्यंत चौकशी होते. परतून आल्यावर तुमचे काय झाले, हे मात्र कोणी विचारीत नाही. खरे विचारण्याजोगे तेच आहे. आळंदीची कार्तिकी आटोपून आम्ही, एक मृदंगी आणि चार टाळकरी असे सहा जण मॉरिशस बेटावर कीर्तनसेवेसाठी गेलो होतो, आणि तीन आठवड्यांनी परत आलो. संपादकांनी प्रवासवर्णन लिहा म्हणून सांगितले. प्रवासवर्णने लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्ही आपले परतण्याविषयीच चार शब्द बोलतो.

संस्कृतात 'गम्' असा एक धातू आहे. त्याचा अर्थ जाणे. त्याच्या आधी 'आ' एवढा एका अक्षराचा उपसर्ग लावला की अर्थ पार फिरतो. गच्छति म्हणजे जातो, आगच्छति म्हणजे येतो. धातू तोच, चालणारे पाय तेच, वाटही कदाचित तीच. पण दिशा बदलली. पाठशाळेत हे रूप घोकताना त्यात काही विशेष वाटत नाही. साठी उलटल्यावर कळते की माणसाच्या सगळ्या धावपळीला हा 'आ' लागतो की नाही, यावरच त्या धावपळीची किंमत ठरते.

आपल्या संप्रदायाला तर हे निराळे सांगायला नको. वारी म्हणजे फेरी. जाणे आणि येणे मिळून एक वारी होते. पंढरीस जो गेला आणि तेथेच राहिला तो क्षेत्रवासी, तोही धन्यच. पण जो जातो, परत येतो, आपल्या रानात नांगर धरतो, मुलाबाळांत वागतो आणि पुन्हा एकादशीला निघतो, तो वारकरी. म्हणजे परतणे हे वारीचे अर्धे अंग आहे. आणि ते अवघड अंग आहे, बरं का!

पहा ना. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माऊलींची पालखी आळंदीहून निघते, तेव्हा लाखोंचा समुदाय असतो. गावोगावी रांगोळ्या, पंगती, रिंगणे. आषाढ शुद्ध दशमीला पालखी पंढरीत येते, एकादशी होते, पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो, आणि काल्याचा प्रसाद तोंडात पडला की माणसे एस.टी. गाठतात. पालखी मात्र पायीच परत निघते. जायला जितके दिवस लागले त्याहून कमी दिवसांत, लांब लांब मजला मारीत, पावसात भिजत ती आळंदीला पोचते. त्या परतवारीला मोजकी माणसे असतात. रांगोळी नसते. फोटो काढणारे नसतात. पादुका त्याच, माऊली तीच, वाट तीच. मग जाताना देव होता आणि येताना नव्हता काय? तसे नाही. जाताना उत्साह होता, येताना नेम राहतो. उत्साह दहा जणांच्या संगतीने येतो. नेम ज्याचा त्याला सांभाळावा लागतो. ज्याला कोणाची निष्ठा पाहायची असेल त्याने आषाढीला जाऊ नये, परतवारीला जावे.

आता कोणी शंका घेईल, "महाराज, तुम्ही शास्त्र शिकलेले. समुद्र ओलांडू नये असे धर्मशास्त्रात आहे ना?" आहे. निबंधग्रंथांतील कलिवर्ज्यप्रकरणात हा विषय येतो. पण तेथील शब्दांकडे नीट लक्ष द्यावे. नावेतून समुद्रयान केलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरी त्याला परत आपल्यात घेऊ नये, असा त्याचा रोख आहे. म्हणजे बोट जाण्यावर नाही, परतण्यावर आहे! जाणारा गेला, आलेल्याला घरात घ्यायचे की नाही, हा प्रश्न. समाजाचा उंबरठा नेहमी परतणाऱ्यालाच अडतो. संतांनी या उंबरठ्याचे काय केले ते आपण जाणता. चंद्रभागेच्या वाळवंटात कोण कुठून आला, कोणत्या पाण्यावरून आला, हे विचारायची रीत नाही. आलेला आपला म्हणायचा आणि त्याच्या पाया पडायचे.

ज्यांना परतताच आले नाही अशी माणसे आम्ही मॉरिशसला पाहिली, म्हणजे त्यांची नातवंडे-पतवंडे पाहिली. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली आणि ऊसमळ्यांना मजूर हवे झाले. 1834 पासून हिंदुस्थानातून करारावर माणसे न्यायला सुरुवात झाली. कराराला ती साधी माणसे गिरमीट म्हणत. 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे त्या बेटावर उतरली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून जहाजे सुटत. मुंबईच्या जहाजांत आपली कोकणातली, विशेषेकरून रत्नागिरीकडची कुटुंबे होती. आज विमान सहासात तासांत तेथे पोचते. त्यांना कित्येक आठवडे लागत. पोर्ट लुई बंदरात ज्या ठिकाणी त्यांना उतरवून घेत, त्याला आता आप्रवासी घाट म्हणतात. 2006 साली तो जागतिक वारशाच्या यादीत घातला गेला. त्या दगडी पायऱ्यांशी आम्ही उभे राहिलो तेव्हा आमच्या टाळकऱ्यांपैकी कोणी बोलेना. आपल्याकडे घाट म्हटला की स्नानाचा, पुण्याचा. हा घाट पोटाचा.

बेटावर दगड आपल्यासारखाच काळा, ज्वालामुखीचा. ऊस नुकताच तुटून गेला होता, म्हणून शेते मोकळी दिसत होती आणि शेताशेतांतून काळ्या दगडांचे घरावढे ढीग रचलेले दिसत होते. ते त्या मजुरांनी हातांनी वेचून रचलेले. जमीन साफ केल्याशिवाय ऊस कसा लागणार? त्या ढिगांना कोणी समाधी म्हणत नाही. आम्ही मात्र गाडीतून जाताना टोपी काढून हात जोडीत होतो.

या लोकांजवळ काय राहिले होते? घरात बोलतात ती क्रिओल भाषा, फ्रेंचवरून घडलेली. मराठी मुलांना शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकायला मिळते. मोका येथे महात्मा गांधी संस्था आहे, तेथे मराठीचा वरचा अभ्यासही होतो. गणेशचतुर्थीची त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातल्या जाखडीचे तेथे झाकरी झाले आहे, पण पाय त्याच ठेक्यावर पडतो. कित्येक म्हाताऱ्यांना भजनातील शब्दांचा अर्थ सांगता येत नाही. एका आजीबाईंच्या हाती आम्ही टाळ दिले. त्यांनी ते आधी कपाळाला लावले, मग वाजवले. हे त्यांना कोणी शिकवले? त्यांच्या आजीने. तिला तिच्या आजीने. ती पणजी-खापरपणजी जहाजातून उतरली तेव्हा तिच्याजवळ पोथी नव्हती, पुढे आचार्य नव्हता, मागे गाव नव्हते. कपाळाला टाळ लावायचे एवढे होते. तेवढे तिने खाली पडू दिले नाही.

एका गावी कीर्तन झाल्यावर पन्नाशीचे एक गृहस्थ थांबून राहिले. शाळेत शिकलेल्या मराठीत, एकेक शब्द वेचीत बोलत होते. त्यांनी एक कागद दाखवला. महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत, त्यातील उतारा होता. माणसाचे नाव, त्याला दिलेला नंबर, जहाज, जिल्हा. गावाच्या नावाचे इंग्रजीत असे काही झाले होते की आम्हालाही लागेना. ते म्हणाले, "महाराज, हा आमचा पहिला माणूस. पाच वर्षांनी परत जाणार होता. गेला नाही. तुम्ही परत जाता. त्याच्या नावाने पंढरपूरच्या पायरीला हात लावा."

सज्जनहो, तीन आठवड्यांत पुष्कळांनी पुष्कळ दिले. हार दिले, शाली दिल्या. पाकिटेही पुढे केली. ती आम्ही तिथल्या मुलांच्या मराठी वर्गाकडे वळवली, कारण कीर्तन विकू नये हा आपल्या फडांचा दंडक समुद्रापलीकडेही दंडकच आहे. पण त्या गृहस्थांनी जे दिले त्याला नाही म्हणता आले नाही. ते जड होते. एका माणसाचे राहिलेले परतणे आमच्या गाठोड्यात घातले होते. माघी एकादशीला आम्ही महाद्वारी गेलो, नामदेवपायरीला त्या नावाने हात लावला, आणि ते नाव विठोबाला सांगितले. गाव सांगता आले नाही. त्याला गाव सांगावे लागत नसेल.

आणि ती पायरी तरी कोणाची? आपल्या संप्रदायात देशोदेशी कीर्तन घेऊन जाणारा पहिला कोण, तर नामदेवराय. ज्ञानोबामाऊलींबरोबर तीर्थयात्रेला निघताना त्यांना विठ्ठलाला सोडवेना, ही कथा आपण शेकडो वेळा ऐकली आहे. माऊलींनी 1296 साली समाधी घेतली. त्यानंतर नामदेवराय उत्तरेकडे गेले, पंजाबात घुमान येथे राहिले, तिकडच्या भाषेत गायले. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. 2015 साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते या नात्यानेच. त्यांच्या देहावसानाच्या जागेविषयी पंजाबची परंपरा एक सांगते, आपली दुसरी. तो वाद येथे नको. आपली परंपरा काय म्हणते तेवढे पाहू. एवढा दिग्विजय करून आलेल्या पुरुषाने परतल्यावर मागितले काय? गादी नाही, मठ नाही. महाद्वाराची पायरी मागितली. देवाकडे जाणाऱ्यांचे पाय आपल्या अंगावर पडावेत, एवढेच. जग फिरून आलेल्याने घरी काय होऊन राहावे, याचा हा दाखला सातशे वर्षे दाराशी पडलेला आहे, आणि आपण रोज त्याला ओलांडून आत जातो.

आता आमच्या मृदंग्याची गोष्ट. पोरगा पंचविशीतला, हात सोन्याचा. तिकडे समुद्राची दमट हवा. पुडी सैल पडून मृदंग उतरायचा. रोज कीर्तनाआधी हा हातोडी घेऊन गट्टे ठोकीत बसायचा, डाव्या पुडीची कणीक पुन्हा पुन्हा लावायचा. परत आलो तर इकडे थंडीची कोरडी हवा. मृदंग एवढा चढला की टाळ एका स्वरात आणि हा दुसऱ्याच! गावच्या एकादशीच्या कीर्तनाला जेमतेम वीस माणसे होती, त्यातली निम्मी भिंतीला टेकलेली. कीर्तन झाल्यावर पोरगा गप्प. मग म्हणाला, "महाराज, एक विचारू? तिकडं सभागृह भरून माणसं यायची. कीर्तन संपलं तरी उठायची नाहीत. इथं आपल्या गावात कोणी मान वर करून पाहात नाही. मग देव तिकडं जास्त आहे का इकडं? मला पुढल्या वर्षी तिकडं बोलावतायत. आषाढातच. जाऊ का?"

प्रश्न खरा होता. त्याला दटावून गप्प बसवणे सोपे होते, पण ते उत्तर झाले नसते. आम्ही म्हटले, "बाळ, आज मृदंग चढला तेव्हा तू काय केलेस? टाळ बदललेस का?"

"नाही महाराज. मृदंगच मिळवून घेतला."

"का?"

"टाळ काशाचे. त्यांचा स्वर हलत नाही. हलतं ते चामडं."

"मग झालं तर. परदेशची हवा लागली की चामडे उतरते, घरची लागली की चढते. तो चामड्याचा धर्म आहे, त्यात पाप नाही. पण परत आल्यावर चामड्याने घरच्या टाळाशी मिळायचे असते. घरच्या टाळाने आपल्याशी मिळावे असा हट्ट धरला की कीर्तन बेसूर होते."

तरी त्याचा दुसरा अर्धा प्रश्न राहिलाच होता. इकडे मान वर करीत नाहीत, त्याचे काय? त्यासाठी रामायणात जायला हवे. प्रभू रामचंद्र लंका जिंकून पुष्पक विमानातून परत निघाले. भरद्वाजांच्या आश्रमी उतरले आणि तेथून त्यांनी हनुमंताला पुढे पाठवले. सांगितले काय? भरताला माझे येणे कळव, आणि ते ऐकताना त्याचा चेहरा कसा होतो ते पाहा. चौदा वर्षे राज्य सांभाळलेल्याला ते ठेवावेसे वाटत असेल तर आम्ही त्याच्या आड येणार नाही. केवढा हा विवेक! जिंकून आलेला मनुष्य घरात शिरण्याआधी थांबतो आणि घरी राहिलेल्याचे मन आधी विचारात घेतो. आणि तिकडे भरत काय करीत होता? जटा वाढवून, वल्कले नेसून नंदिग्रामात बसला होता, सिंहासनावर पादुका होत्या. राम आल्यावर त्याने त्याच पादुका रामाच्या पायांत घातल्या, आणि कोठार दसपट करून परत दिले. वनवास रामाने भोगला हे जगाला ठाऊक आहे. घरी बसून चौदा वर्षे भोगलेला वनवास कोणाच्या ध्यानात येतो?

आम्ही त्या पोराला म्हटले, "आपण तिकडे हार घालून घेत होतो, त्या तीन आठवड्यांत इथे देवळात काकडा कोणी केला? हरिपाठ कोणी म्हटला? मागच्या सप्ताहात रात्री दोन ते चार वीणेचा पहारा कोणी दिला? ज्या वीस जणांना तू भिंतीला टेकलेले पाहिलेस, त्यांनी. दिवसभर रानात राबून आलेला माणूस भिंतीला टेकणारच. तो घरी झोपू शकत होता, तो देवळात येऊन टेकला. सप्ताहात वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. ती त्यांनी धरली म्हणून आपण टाळ घेऊन समुद्र ओलांडू शकलो. परत आल्यावर हार कोणाच्या गळ्यात पडायला हवा, ते तूच सांग."

पोरगा बराच वेळ हातोडीशी चाळा करीत राहिला. आषाढाचे त्याने काय ठरवले ते त्याने अजून सांगितलेले नाही, आम्हीही विचारलेले नाही. त्याच्या घरी म्हातारे आईबाप आहेत, बहिणीचे लग्न राहिले आहे, आणि तिकडे चार पैसे मिळतात ही गोष्ट खोटी नव्हे. वारी चुकवू नकोस हे सांगणे आमचे काम. ती न चुकवता त्याचे घर चालावे, हे पाहणे गावाचेही काम आहे, हे मात्र आम्ही येथे स्पष्ट लिहून ठेवतो. टाळ्यांना भुललेल्या वादकाला नावे ठेवणारे गाव त्याच्या चुलीकडे पाहात नसेल, तर दोष एकट्या वादकाचा नाही.

अलीकडे आपले पुष्कळ कीर्तनकार, भजनी मंडळी, वादक अमेरिकेत, युरोपात, आखाती देशांत जातात. जावे. नामदेवरायांनी घालून दिलेली वाट आहे. वयाच्या अधिकाराने एवढेच सांगतो. वारीच्या तिथ्या सोडून बाकीच्या दिवशी जावे. तिथल्यांची आणि इथल्यांची तुलना करीत बसू नये; तहानलेला घटाघटा पितो आणि विहिरीकाठचा सावकाश पितो, पाणी एकच असते. आणि परत आल्यावर पहिले कीर्तन मोठ्या शहरात, निमंत्रणपत्रिका छापून करू नये. आपल्या गावच्या देवळात, वीस माणसांपुढे करावे. तेथे स्वर लागला तर प्रवास मानवला म्हणायचा.

वाचकांपैकी कित्येकांची मुले परदेशी आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. कीर्तनानंतर आईबाप जवळ येऊन हळूच विचारतात, "महाराज, पोरगा परत येईल का हो?" याचे उत्तर आमच्या हाती नाही. पण मॉरिशसच्या आजीबाईंनी एक दाखवून दिले. भाषा गेली, गाव गेले, नावाचे स्पेलिंग बदलले, तरी टाळ कपाळाला लावायची रीत दीडशे वर्षे टिकली, कारण कुणा एकीने ती लहानपणी अंगवळणी पाडली होती. तेव्हा मुलगा येवो न येवो, नातवंडे सुट्टीत येतील त्या चार दिवसांत त्यांना देवळात न्या. टाळ हातात द्या. अर्थ नंतर कळेल. आणि जो येईल, उशिरा येईल, रिकाम्या हाताने येईल, त्याला "एवढी वर्षे कुठे होतास" म्हणून उंबरठ्यावर उभा करू नका. पंढरीचा राजा विटेवर उभा आहे तो येणाऱ्याची वाट पाहात. त्याने अजून कोणाला हा प्रश्न विचारल्याचे ऐकिवात नाही.

यंदा आषाढीला आपण सगळे जाऊच. पण पौर्णिमेचा काला घेतल्यावर ज्याला जमेल त्याने एस.टी. न पकडता निदान एक मुक्काम तरी पालखीबरोबर मागे चालावे, एवढी आमची विनंती आहे. गर्दी नसते. टाळाचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

रामकृष्णहरि.